सिस्टीममध्ये दिसत नाही

औषधांवर एक्स्पायरी डेट छापलेली असते, किश्शांवर नसते. त्यामुळे आमच्या नारायणगावच्या होलसेल गोडाऊनमध्ये माल संपला तरी किस्से साठतच गेले. लोक ऐकून हसतात. मला मात्र अजून संताप येतो, कारण आम्ही काही बिस्किटं विकत नव्हतो! जुन्नर-आंबेगावच्या मेडिकलवाल्यांना औषध पोचलं नाही, तर तिकडे माणूस जिवानिशी जायचा. मी ऑर्डरिंगला होते, म्हणजे कुठल्या गावाला काय लागेल ते आधी ठरवून कंपन्यांकडून मागवायचं काम माझं.

सुरुवातीला सगळं एक्सेलवर. एका बाजूला औषधाचं नाव, शेजारी आकडा. एकदा मी जेवायला गेले असताना आमचे मालक कांतिशेठ खुर्चीत बसले. मोठे आकडे वर दिसावेत म्हणून त्यांनी फक्त आकड्यांचा कॉलम सॉर्ट केला! नावं जागच्या जागी, आकडे मात्र भलत्याच औषधांपुढे. मी आले आणि शीट तशीच फॅक्स केली.

आठवड्यात टेम्पोभर ग्राइप वॉटर दारात उभं! तापाच्या गोळ्यांचा पत्ता नाही. गोडाऊनमध्ये ठेवायला जागा नव्हती म्हणून शेठनी जो भेटेल त्याच्या गळ्यात खोकी मारली. निमगाव साव्याच्या दुकानदाराचा फोन आला, "ताई, येवढी पोरं आमच्या गावात जन्माला यायला लई वरसं लागतील!"

शेठ मला काय म्हणाले? "कॉम्प्युटर तुझ्याच टेबलावर आहे ना?"

त्यानंतर शेठचा मुलगा नितीन पुण्याहून एमबीए करून आला आणि येताना सॉफ्टवेअर घेऊन आला. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. शिकवायला टाय लावलेले एक सर आले. "मागची विक्री टाका, पुढची ऑर्डर सिस्टीम स्वतः काढेल!"

आता मागची विक्री कशी असायची ते ऐका. महिनाअखेर आली की टॉनिकवाल्या कंपनीचा प्रतिनिधी दारात हजर. "ताई, टार्गेट राहिलंय, थोडं सांभाळून घ्या." मग तो माल आम्ही जुन्नर-मंचरच्या दुकानांवर ढकलायचो. तिथे तो धूळ खात पडायचा. सिस्टीमला वाटलं, खपला! पुढच्या महिन्यात तिने जास्त मागवलं, त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. जिना टॉनिकने भरला.

सरांनी पडद्यावरचा चढता आलेख बराच वेळ पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "दोन्ही तालुके फार अशक्त दिसतात."

चैत्रात आमच्याकडे गावोगावी जत्रा. जत्रा म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे दुसऱ्या दिवशी पित्ताच्या गोळ्या. शेठ जैन, मटणाचं नावसुद्धा काढायचे नाहीत. "पाहुणे जास्त येतात" एवढंच म्हणायचे आणि गोळ्या मागवायचे.

सिस्टीमने आदल्या वर्षीची इंग्रजी तारीख धरली आणि गोळ्या आणून ठेवल्या. पण मध्ये अधिक महिना येऊन गेलेला, त्यामुळे जत्रा पुढे सरकलेल्या! गोळ्या पडून आहेत म्हटल्यावर सिस्टीमने त्या परत पाठवायला लावल्या. आणि मग जत्रा आल्या. आख्खा तालुका छातीला हात लावून आमच्या नावाने खडे फोडतोय!

मी सरांना फोनवर अधिक महिना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो कोणत्या क्वार्टरमध्ये येतो?"

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. मढचं तसं नाही.

मढ हे आमच्याकडचं डोंगरातलं गाव. तिथे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की बायामाणसं दिवसभर चिखलात. तिथल्या डॉक्टरांसाठी सापाच्या विषावरची लस आम्ही कायम ठेवायचो. एक वर्ष देवाच्या कृपेने एकही बाटली लागली नाही. सिस्टीमने लशीची ओळ लाल केली. नितीन म्हणाला, "डेड स्टॉक. कंपनीला परत करा."

डॉक्टर फोनवर कडाडले, "गेल्या साली कुणाला चावला नाय, म्हणून यंदा साप उपास धरणारेत का?"

मीही भांडले. शेठ पोराच्या शब्दाबाहेर जाईनात. "परतीची एंट्री मारून टाक. खोका मी पाठवतो." इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

आषाढात डॉक्टरांचा फोन आला. "आवणीत बाईला साप चावलाय, तिशीचीबी नाय. लस हाये का?" पडद्यावर शून्य. मी शेठना तसंच सांगितलं.

शेठ उठले, दुकानाच्या वर घर होतं तिथे गेले आणि तोच खोका बर्फाच्या पिशवीत घालून खाली आणला. घरच्या फ्रिजमध्ये ठेवला होता! मढकडे निघालेली जीप थांबवून आम्ही तो दिला. बाई वाचली.

मी बिल करायला बसले, तर सिस्टीम बिल घेईना. स्टॉकच नाही तर विकलं काय? सरांना फोन केला. ते म्हणाले, "मग विक्री झालीच नाही, असं समजा."

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नितीन ऑर्डर बघत होता. "बघा पप्पा, मढच्या लशीची विक्री गेल्या वर्षीही शून्य. मागवायची गरजच नाही."

मी ओरडलेच, "अहो, बाई वाचली ना त्या लशीने!"

"ताई, सिस्टीममध्ये दिसत नाही."

शेठनी मान डोलावली. "बरोबर आहे." मग फोन उचलून घरी लावला आणि शेठाणींना म्हणाले, "फ्रिजचा खालचा कप्पा मोकळा कर."