वहीतले अठरा भाऊ

नागपूर स्टेशनावर मी गाडीच्या वेळेआधी तासभर जाऊन बसले. तुमच्या आजोबांना माझी ही सवय कधीच आवडली नाही. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, शाल, सामानाची यादी आणि निखिलचं पत्र होतं. निखिल, तू लिहिलं होतंस की तिकडच्या वाचनालयात एक जाडजूड पुस्तक मिळालं, आणि आशियातल्या त्या सुरुवातीच्या फुटबॉल स्पर्धेला गेलेले सगळे संघ त्यात छापले आहेत. भारताची अठरा नावं तू दोनदा वाचलीस. माझ्या दादाचं नाव त्यांत नाही. शेवटी विचारलंस, "आजी, तुझा दादा भारताकडून खेळला, ही तू सांगितलेली गोष्ट खरी ना?"

दादा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला माझी उज्जैनची आतेबहीण, मालूताई, एक वाक्य अर्धवट बोलून गप्प झाली होती. "त्या साली तर दादा उज्जैनलाच..." मी तेव्हा पुढे विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही, हे आता कबूल करते.

भोपाळला गाडी बदलली. पुढे माळव्याची काळीभोर जमीन आणि हिरवा हरभरा. स्टेशनास्टेशनांबाहेर थंड पेयांच्या नव्या पाट्या आणि एसटीडीच्या टपऱ्या. पत्र्याच्या एका घरावरही टीव्हीची मोठी थाळी बसवलेली दिसली. तुम्ही तिकडे ज्या मॅच बघता, त्याच आता या घरातही बघत असतील.

मालूताईचं घर माधव नगरात. तिच्या सासरचे लोक शिंद्यांच्या दरबाराबरोबर इथे आले, त्यांच्या मराठीने आता क्षिप्रेचं पाणी पुरतं पचवलं आहे. मी चप्पल काढते न काढते तोच दादाचा विषय काढला, तर ती म्हणाली, "आधी बाफले खा, मग पूछताछ कर." बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडलेले, मग भाजून तुपात बुडवलेले. दोन खाल्ल्यावर माणूस पूछताछ करण्याच्या स्थितीत राहत नाही. हात धुताना मात्र ती हळूच म्हणाली, "दादाने मला शपथ घातली होती गं. मी काही बोलणार नाही. उद्या घाटावर चल, वही बोलेल."

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर मूठभर शेव, आणि तिखटाबरोबर गोड. हे लोक ते एकाच घासात खातात. मीही खाल्लं, आवडलं, आणि त्या नादात चष्मा दुकानातच विसरले. यादीत 'चष्मा' शब्दापुढे बरोबरची खूण होती, तरीही.

राम घाटावर आमचे तीर्थपुरोहित लाकडी चौकीवर बसले होते. वय सत्तरीपुढचं. इथली रीत अशी की घरातलं कुणीही आलं की पुरोहित गाव आणि कूळ विचारतात, त्या कुळाची लांबलचक वही उघडतात आणि नवे जन्म, नवे मृत्यू लिहून घेतात. त्यांनी लाल कापडातली वही काढली. माझ्या पणजोबांपासून वाचत वाचत वडिलांपर्यंत आले, मग दादाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "और आपके बाकी अठारह भाई।"

मी म्हटलं, मला एकच भाऊ होता.

"बहनजी, लिखा तो है।" आणि वाचू लागले. जोसेफ, सुलेमान, बिमल, राघवन...

मालूताईने पदर तोंडाला लावला. "मामांनी तर कमाल केली की," ती पुटपुटली. मला हसू येईना. चौथ्या नावाला मला कळलं होतं. ही नावं मी दादाच्या तोंडून शंभरदा ऐकली होती.

मग पुरोहितांनी सांगितलं. ते तेव्हा तरुण होते, आपल्या वडिलांशेजारी चौकीवर बसत. दादाने ही अठरा नावं लिहायला सांगितली, पण या वहीत फक्त कुळातली नावं, म्हणून त्यांच्या वडिलांनी साफ नकार दिला. दादा तीन दिवस चौकीसमोर येऊन बसला. महिनाभर एका ताटात जेवलो, हे माझे भाऊच, असं म्हणत राहिला. चौथ्या दिवशी वडिलांनी लेखणी उचलली. पुढे तीन आठवडे दादा धर्मशाळेत राहिला आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातली स्पर्धेची बातमी घाटावर मोठ्याने वाचून दाखवायचा. संघ हरला त्या दिवशी घाटावरचे पंडेही नीट जेवले नव्हते म्हणे.

मी मालूताईचा चष्मा मागून घेतला. नावांखाली दादाचं तिरकं अक्षर होतं: 'शिबिरात आम्ही एकोणीस होतो. अठरा गेले. त्यांना सुखरूप आण.'

मुलांनो, शिबिराचं पत्र आलं तेव्हाच माझ्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. ते पेढे दादा परत कसे घेणार? कलकत्त्याच्या शिबिरातून येताना त्याने नागपूरलाच गाडी बदलली असणार, आणि घर तिथून मैलभरावर. तो घरी आला नाही, इथे आला. आणि आज आठवून पाहते तर "मी खेळलो" असं तो कधीच म्हणाला नाही. "आपल्या बिमलने गोल मारला," असंच म्हणायचा. बाकीचं आम्ही लावलं, आणि त्याने लावू दिलं.

"गलत दर्ज हुआ हो तो काट दूँ?" पुरोहितांनी विचारलं. पेन हातात तयार होतं.

मी म्हटलं, "राहू द्या." हिंदीत सांगायचं सुचलंच नाही, पण त्यांना कळलं. मग मी दादा गेल्याचं साल सांगितलं आणि खाली तुम्हा दोघांची नावं लिहून घेतली. आता तीही त्या अठरांच्या मागोमाग आहेत.

दुपारी भैरवगढला जाऊन तुमच्यासाठी ठशांच्या छपाईच्या दोन चादरी घेतल्या. चष्मा दुकानदाराने जपून ठेवला होता.

परतताना नागपूरला उतरले आणि रिक्षा न करता घरी चालत आले. पिशवी जड नव्हती. वीस मिनिटं लागली. एवढंच अंतर दादाला चालवलं नव्हतं.

निखिल, तुझं पुस्तक बरोबर आहे. मी सांगितलेली गोष्ट चूक होती, ती अशी दुरुस्त करून घे. वहीतली अठरा नावं माझ्या अक्षरात उतरवून सोबत पाठवते आहे. पुस्तकाशी ताडून पाहा. एखादं पुरोहितांच्या ऐकण्यात चुकलं असेल तर कळव. पुढच्या खेपेला घाटावर जाऊन नीट करून घेईन. घरातल्या माणसांची नावं चुकलेली बरी दिसत नाहीत.