सासूबाईंना पुरून उरेल असा मॉप

मी बनवलेला मॉप अजून शाबूत आहे. त्याच्या आसपासच्या वस्तूंबद्दल मला तसं म्हणता येणार नाही.

तेव्हा आम्ही म्युनिकमध्ये एका चार मजली घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचो. आम्ही म्हणजे मी, बायको मुक्ता आणि लेक रेवा. रेवाशी आम्ही मराठीत बोलतो आणि ती आम्हाला जर्मनमधून उत्तरं देते. जागा दोन खोल्यांची. त्या उन्हाळ्यात ठाण्याहून माझ्या सासूबाई आल्या आणि मी स्वयंपाकघरात, फ्रीजला पाय लावून झोपू लागलो. फ्रीज सुरू झाला की मीही थरथरायचो.

अशात बातमी आली की तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब जागा सोडतंय. तीन खोल्या! म्युनिकमध्ये तीन खोल्या रिकाम्या होणार हे कळलं की माणसं आधी कुजबुजतात, मग अर्ज करतात आणि मग नवस बोलतात. आम्ही तिन्ही केलं. तळमजल्यावरच्या क्राउस नवरा-बायकोनेही केलं (नवस सोडून). त्यांच्याकडे तीन खोल्या होत्याच, पण त्यांना वरच्या बाल्कनीतलं ऊन हवं होतं. इकडे रेवाने वरच्या घरात आपला पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं होतं. आता सगळं घरमालकीणबाईंच्या हातात होतं.

घरमालकीणबाई, म्हणजे फ्राऊ हेबर्ले, पहिल्या मजल्यावर राहायच्या. त्या मूळच्या श्टुटगार्टकडच्या. तिकडची जिना साफ करण्याची पद्धत त्यांनी सामानासोबत म्युनिकला आणली होती. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची पाळी. पाळी आली की दाराला एक लाकडी पाटी लटकायची, तिच्यावर लिहिलेलं असायचं ‘केअरवोखे’. (शब्दातच केर ऐकू येत असल्याने सासूबाईंना तो पहिल्याच दिवशी पाठ झाला.) बाकीचे घरमालक भाडेकरूच्या पगाराचा पुरावा मागतात. फ्राऊ हेबर्ले पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवायच्या आणि ते बोट उजेडात धरून बघायच्या.

आमची पाळी आली तेव्हा सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. “तुम्ही दोघं ऑफिसची माणसं. सरका बाजूला.” त्यांनी ओढणी कमरेला बांधली, फडकं ओलं केलं आणि उकिडवं बसून एकेक पायरी पुसत त्या खाली निघाल्या. जिना आरशासारखा दिसू लागला. तेवढ्यात बाजारहाट करून परतलेल्या फ्राऊ हेबर्लेंनी ते पाहिलं आणि थेट आमचं दार गाठलं.

“हेर सबनीस,” (जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत) “तुम्ही आजीबाईंना गुडघ्यांवर बसवून जिना पुसून घेता?”

“गुडघ्यांवर नाही, त्या उकिडव्या बसल्यात,” मी म्हणालो. (उकिडवं बसणं जर्मनमध्ये कसं सांगायचं ते ऐन वेळी आठवेना, म्हणून मी करून दाखवलं. त्याने परिस्थिती सुधारली नाही. उठताना मला दाराला धरावं लागलं.)

“या घरात मॉप वापरतात,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

म्हणून मॉप आला. तो दांडा जिथे खालच्या पट्टीला जोडलेला असतो, तिथेच मोडला.

“अगंबाई! काडीसारखा तुटला की हो, समीरराव!”

“आई, जरा हलक्या हाताने पुसा ना.”

“हलक्या हाताने पुसायला ती फरशी आहे की बाळाचं तोंड?”

दुसरा मॉप आणला, तो मोडला. तिसरा जरा महागातला आणला, तो जरा वेळाने मोडला. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे जिथे खिळ्यांपासून कमोडपर्यंत सगळं मिळतं त्या दुकानात, गल्ल्यावरची बाई मला नावाने हाक मारू लागली. आणि मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी एका गाड्यांच्या कंपनीत कामाला आहे. तिथे मी गाडीची दारं मोडेपर्यंत उघड-मीट करून बघतो. म्हणजे मी स्वतः कधीच काही बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचा मला पगार मिळतो. सासूबाई तेच काम फुकट आणि माझ्याहून वेगात करत होत्या.

“मॉप मी स्वतः बनवतो,” मी जाहीर केलं.

“बाथरूममधलं शेल्फ तूच लावलं होतंस ना?” मुक्ताने विचारलं.

“हो. त्याचं काय?”

“काही नाही. नुसती आठवण केली.”

आमच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे जोर मोजायचा. मी वजनकाटा आणून हॉलच्या मध्यभागी ठेवला. “आई, जरा यावर पुसा.”

“यावर काय पुसू?”

“काटाच पुसा. नेहमीसारखा जोर लावून.”

सासूबाईंनी माझ्याकडे, मग काट्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या दांड्याने त्यांनी जो काही जोर लावला, त्याने काट्याचा आकडा रेवाच्या वजनाच्या बराच पुढे गेला. रेवा टाळ्या पिटत ओरडली, “नोख माल, आजी!” (म्हणजे, पुन्हा कर!) आवाज ऐकून मुक्ता बाहेर आली.

“तू माझ्या आईची टेस्ट घेतोयस?”

“आईंची नाही गं, मॉपची.”

“मॉप कुठाय?”

“तो अजून व्हायचाय.”

पुढचे काही दिवस मी फार आनंदात होतो. दांड्यासाठी लोखंडी पाइप घेतला. खाली जाडजूड लोखंडी पट्टी घेतली. राहिला तो मोडणारा सांधा. त्यासाठी ऑफिसातून भंगारात निघालेली गाडीच्या दाराची बिजागरी साहेबांना रीतसर विचारून घरी आणली. असली बिजागरी जन्मभर दार उघडलं-मिटलं तरी हूं की चूं करत नाही. विकतचं मॉपचं कापड आमच्या खरबरीत दगडी पायऱ्यांवर दोन दिवसांत फाटायचं. ते खातं सासूबाईंनी घेतलं. त्यांनी जुने टॉवेल एकावर एक ठेवले, वरून निळं जाड कापड घातलं आणि गोधडीचे टाके घालून चांगली चार बोटं जाडीची गादी शिवली. ते निळं कापड मला ओळखीचं वाटलं.

“आई, ही माझी रोजची जीन्स आहे.”

“रोजची आहे म्हणूनच घेतली. टिकाऊ असणार!”

मॉप तयार झाला. रेवाने उचलून बघितला, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. “पापा, दास इस्ट त्सू श्वेर!” (तिच्या मते तो जड होता.) जर्मन गाड्याही जड असतात, असं मी तिला समजावलं. शिवाय त्यात एक गुण न मागता आला होता. गाडीचं दार उघडताना मध्येच एका जागी अडकून थांबतं ना, तसा माझ्या मॉपचा दांडा उभा केला की खट्‌ आवाज करून थांबायचा. हात सोडा, भिंतीला टेकवू नका, मॉप आपला आपण उभा! मी हे घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा दाखवलं.

“रेवा पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाही तू एवढा नाचला नव्हतास,” मुक्ता म्हणाली.

किरकोळ अडचणी होत्या, नाही असं नाही. गोधडी एका बुडवणीत अर्धी बादली पाणी पिऊन टाकायची. ती पिळायला गेल्यावर बादलीवरची पिळायची जाळी मोडली. (मॉपला काही झालं नाही.) मग मी आणि सासूबाई दोन टोकांना उभे राहून ती चादरीसारखी पिळू लागलो. बिजागरी दाराची असल्याने ती पुढे-मागेच हलायची, आडवी वळायची नाही. त्यामुळे पायरीचा कोपरा आला की पुसणाऱ्यालाच मॉपभोवती फेर धरावा लागायचा. पहिल्याच फेऱ्यात दांडा लागून कठड्याची एक लाकडी गोटी निखळली. मॉपवर ओरखडाही उठला नाही.

“समीरराव,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “मी याला फिरवतेय की हा मला?”

पण माणसाला एकदा आपल्या कामाचं कौतुक वाटू लागलं की ऐकू कमी येतं.

आमची पाळी पुन्हा आली आणि शनिवार उजाडला. जागा कोणाला द्यायची ते फ्राऊ हेबर्ले त्या दुपारी ठरवणार होत्या. आदल्या आठवड्यात क्राउस मंडळींची पाळी झाली होती आणि जिन्याला अजून लिंबाचा वास येत होता. त्यावर मात करायची तर आमचा जिना त्याहून लखलखायला हवा होता. सासूबाई दमल्या होत्या, म्हणून मॉप मी हातात घेतला. वरून सुरुवात करून आमच्या मजल्यापर्यंत आलो तोवर दुपारचा एक वाजून गेला. एक ते तीन आमच्या घरात मिटाग्सरूए, म्हणजे आवाज बंद. त्या वेळात लोक खोकतानाही उशीत तोंड घालतात. फ्राऊ हेबर्लेंच्या दारापाशी उतरणारा सरळ जिना आणि त्याखालचा एक, एवढेच बाकी होते. गुपचूप उरकू म्हटलं.

पण त्याआधी एक फोटो काढायचा मोह मला आवरला नाही. त्या सरळ जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर भरलेली बादली ठेवली, मागे मॉप उभा केला. खट्‌. हात सोडले. मॉप ताठ उभा. “मुक्ता, फोन घेऊन ये गं,” मी कुजबुजलो.

उतारावर लावलेल्या गाडीचं दार कसं आपोआप येऊन पायावर आदळतं, हे मला माहीत आहे. मला त्याचाच पगार मिळतो. पण मॉपची पट्टी पायरीच्या कडेवरून अर्धी बाहेर आलीय आणि त्यालाही उतार म्हणतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. मॉपच्या आलं. पुन्हा एकदा खट्‌ झालं.

दांडा बादलीवर पडला. बादली निघाली. मॉप तिच्यामागे निघाला. धाड्! ...धाड्! ...धाड्! प्रत्येक पायरीला तो एकदा बिजागरीवर उघडत होता आणि एकदा मिटत होता, अगदी टेस्टमध्ये उघडावा-मिटावा तसा. मला त्याही क्षणी त्याचं बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. खाली फ्राऊ हेबर्लेंच्या जिरेनियमची कुंडी होती. ती गेली. छत्र्या ठेवायचं चिनीमातीचं भांडं होतं. तेही गेलं. शेवटी मॉपने दांड्याने त्यांचं दार ठोठावलं, मागे सरला आणि दारासमोर ताठ उभा राहिला. वरून पाणी आलं.

दार उघडलं. फ्राऊ हेबर्लेंच्या गळ्याशी जेवणाचा रुमाल होता. त्यांनी समोर उभ्या असलेल्या मॉपकडे पाहिलं, पायांखालून घरात शिरणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि मग वर माझ्याकडे.

“हेर सबनीस, हे काय आहे?”

“मॉप,” मी म्हणालो.

“मॉप?”

“टिकाऊ आहे.”

एवढ्यात मला बाजूला सारून सासूबाई टॉवेल घेऊन खाली धावल्या. “आधी पाणी अडवा, मग बोला!” आणि बसल्या की दारात उकिडव्या! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा फ्राऊ हेबर्लेही गळ्यातला रुमाल काढून गुडघ्यांवर बसल्या होत्या. एक मराठीत पुसत होती, दुसरी जर्मनमध्ये.

“हं, तिकडून गालिचा उचला, तिकडून.”

“या, या, गेनाऊ!” (म्हणजे, हो, हो, बरोबर!)

मी मदतीला एक पायरी उतरलो. “नाही!” आणि “नाईन!” एकदम ऐकू आलं, म्हणून परत वर चढलो. मला रडू येईल असं वाटलं. कुंडी नवी आणता येते, भांडंही आणता येतं. पण वरच्या घरात रेवाने आपल्या पलंगाची जागा ठरवली होती आणि ते घर मी माझ्या हातांनी, फोटो काढण्यापायी, घालवलं होतं. मुक्ताने फोटो न काढताच फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. फ्राऊ हेबर्ले आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. सासूबाईंनी पुढे केलेला चिवडा त्यांनी घेतला. मला वाटलं, हे निदान चांगलं चिन्ह.

“तिसरा मजला तुम्हाला मिळणार नाही,” त्या म्हणाल्या.

रेवाचा खालचा ओठ बाहेर आला. मुक्ता कसंबसं “समजू शकतो आम्ही” म्हणाली.

“ती जागा मी क्राउसना दिली. तुम्हीच विचार करा, हेर सबनीस. ती वस्तू दुसऱ्या मजल्यावरून अशी आली. तिसऱ्या मजल्यावरून?” त्यांनी क्षणभर डोळे मिटले. “पण क्राउस वर गेले की तळमजला रिकामा होतो. तिथेही तीन खोल्याच आहेत. तो तुम्ही घ्या. आणि मी जिवंत आहे तोवर तुम्ही जिन्यावर काहीही घेऊन चढायचं नाही.”

रेवाने त्यांना मिठी मारली. सासूबाईंनी आणखी चिवडा वाढला. मला मात्र आनंद व्हायला जरा वेळ लागला, कारण वाक्याचा दुसरा भाग मी अजून पचवत होतो.

आता ऑफिसातली मंडळी विचारतात, “म्युनिकमध्ये तीन खोल्या मिळवल्यास तरी कशा रे?” मी सांगतो, पगारावर नाही आणि ओळखीवर तर नाहीच नाही. घरमालकीणबाईंनी माझं इंजिनिअरिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि लगेच घर दिलं. मुक्ता शेजारी असली तर वाक्य पुरं करते:

“जमिनीपासून सगळ्यात जवळचं!”