मूठभर साल

मी पदवीधर झालो तो मला घरी ठेवून शिकवणाऱ्या थोरल्या मामांमुळे; आणि अर्जुनवृक्षाच्या सालीने बरा होणार नाही असा रोग देवाने अजून निर्माणच केलेला नाही, असं छातीठोकपणे सांगणारा सोलापूर जिल्ह्यातला बहुधा शेवटचा माणूस म्हणजे तेच.

उजनीच्या पाण्याकाठी मामा जळालेले पंप दुरुस्त करतात. "काळीज म्हंजे पंपच की! साल त्याचं वायंडिंग सुधारती," असं म्हणत ते गिऱ्हाइकाच्या हाती चहाऐवजी काढा द्यायचे. पाहुणे वाटेतच चहा पिऊन येत. मला गणिताच्या पेपराआधी पेलाभर, निकालाआधी पेलाभर. स्थळाकडून नकार आला तेव्हा तर तांब्याभर काढा मिळाला. साल काढण्याआधी ते झाडाच्या पाया पडत. खोडाभोवती वेढा घालून ती कधी सोलत नसत. "गळा आवळला तर झाड मरतंय, मुडद्या. आपल्या औषधापायी त्याचा जीव घ्यायचा व्हय?"

मला सोलापुरात नोकरी लागली. गेल्या उन्हाळ्यात मामा माझ्याकडे आले, तेव्हा उठताना भिंत धरत होते. मी त्यांना सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंच्या मराठीत उर्दू मिसळलेली.

"चक्कर येते, मामू? किती साल?"

"मूठभर."

"अहो, किती साल?"

"सांगितलं की, मूठभर! दुधात उकळून, दोन्ही वेळंला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यावर हा काढा. दाब फार उतरला होता. "जुनं औषध आहे, मी नावं ठेवत नाही. पण गोळ्यांसोबत, न विचारता नको. पाण्याकाठी चक्कर आली तर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाईंचं बरोबर आहे, मामा."

त्या दिवसापासून त्यांनी काढा सोडला आणि माझ्याशी बोलणंही. फोन मामीच उचलते. "बरं हाय म्हणत्यात," एवढंच सांगते. दिवाळीला गेलो तर पुढ्यात चहा आला. साखरेचा, साधा. तो कडू काढाही कधी इतका जड गेला नव्हता.

परवा त्यांना पत्र टाकलं :

"ती. मामांस, साष्टांग नमस्कार.

गोळ्या वेळेवर घेता हे मामीकडून कळलं. तशाच घेत राहा. माझी हिरडी सुजली आहे. दाताच्या डॉक्टरांकडे जाणारच आहे. बाभळीच्या सालीच्या पाण्याने चूळ भरायला हरकत नाही, गिळायचं नाही, असं बाई म्हणाल्या. इथे बाजारात कुटलेली साल मिळते, पण ती कशाची ते तुमच्याशिवाय कोण ओळखणार? तुम्हीच घेऊन या. कुठल्या एसटीने येता ते कळवा, मी स्टँडवर थांबतो.

तुमचा भाचा"