पासवर्ड बदललाय, मेल बघा

लोक पासवर्ड विसरतात आणि माझ्या टेबलापाशी येऊन बाकी सगळं आठवतात. भंवरकुआं चौकातल्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर सेक्शनला आहे. किस्से साचणारच ना यार!

*

स्टाफची सगळी खाती एकाच सर्वरवर. आमचे हेड शुक्लाजी म्हणाले, "अभय भिया, सबके पासवर्ड बदल डालो."

एकेक करत कोण बसणार? मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. दर नावाला तिने माझ्या पासवर्डने सर्वरमध्ये शिरायचं, त्या माणसाला नवा पासवर्ड लावायचा, पुढे सरकायचं. ऐटीत एंटर दाबलं. एकच पासवर्ड बदलला आणि गाडी ठप्प!

नावं क्रमाने लावलेली. पहिला अभय, म्हणजे मीच! स्क्रिप्टकडे मात्र माझा जुनाच पासवर्ड.

शुक्लाजी म्हणाले, "बाकियों का छोड़, तू तो सिक्योर हो गया!"

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे बदलले. नवे पासवर्ड स्क्रिप्टनेच प्रत्येकाला मेल केले. दिवसभर एकही तक्रार नाही. शुक्लाजी खुश, "देखा? एक भी कंप्लेंट नहीं!"

मेल उघडायला नवा पासवर्ड लागत होता. आणि तक्रार फक्त मेलवरच करायची, हा शुक्लाजींचाच नियम!

*

अकाउंट्सच्या जोशी काकूंनी पासवर्ड ठेवला 'अन्नपूर्णा'. सर्वरने नाकारला.

"काकू, त्यात एक स्पेशल कॅरेक्टर पाहिजे."

"देवीपेक्षा स्पेशल कोण रे?" काकू भडकल्याच. तेही भरल्या कॉरिडॉरमध्ये. शेवटी 'अन्नपूर्णा'पुढे उद्गारचिन्ह लावलं, तेसुद्धा मोठ्याने म्हणत. आता त्यांचा पासवर्ड चपराश्यालासुद्धा पाठ आहे!

*

मग पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी मी मोबाइलवर कोड पाठवायची सोय केली.

फिजिक्सचे गोखले सर आणि केमिस्ट्रीच्या वैद्य मॅडम, लॅबच्या चावीवरून भांडण झालं तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. काही सांगायचं तर चपराशी मध्ये. त्या दिवशी मार्क भरायची शेवटची तारीख. गोखले सरांचं खातं बंद, मोबाइल रिपेअरला. पोरांचा रिझल्ट अडकणार म्हणून सर घामाघूम. मागे रांगेत वैद्य मॅडम.

मी म्हटलं, "सर, पाठ असलेला दुसरा कुणाचाही नंबर द्या. कोड तिकडे पाठवतो."

सरांनी डोळे मिटले आणि न अडखळता नंबर सांगितला.

मॅडमच्या पर्समध्ये टिंग वाजलं.

मॅडमनी चष्मा लावला, मोबाइल थोडा लांब धरला आणि एकेक आकडा सावकाश वाचला. सरांनी टाइप केला. खातं उघडलं.

"शेवटचा सात होता ना?" सरांनी विचारलं.

"सातच," मॅडम म्हणाल्या.