पाळण्यापलीकडचे हात

दत्तमहाराजांनी मला काय दिलं ते सांगायचं, तर आधी मी किती जळत होते ते सांगावं लागेल. भक्तीच्या गोष्टी माणसं हातपाय धुऊन, पदर सारखा करून सांगतात. माझी गोष्ट तशी नाही. त्या मार्गशीर्षात मला देवापेक्षा शेजारणीच्या दारातल्या चपलाच जास्त दिसत होत्या.

आमचं घर बडोद्यात मकरपुऱ्याच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात होते. जन्मभर कंपनीच्या बसने गेले-आले, आता निवृत्त होऊन माझ्या स्वयंपाकात लुडबुड करतात. मुलगा-सून बंगळुरूला. आमच्या भिंतीला भिंत लागून मार्थाबेन राहतात. त्या आणंदकडच्या गुजराती ख्रिस्ती. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा-सून आणि छोटा नातू असं घर भरलेलं. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थनेला माणसं जमतात. डिसेंबर लागला की नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू होते. ढोलक, गिटार, आणि कॉलेजातल्या पोरापोरींचे खणखणीत आवाज. त्यांच्या दाराबाहेर मावत नाहीत म्हणून चपला आमच्या दारापर्यंत येतात. मी केर काढताना त्या झाडूच्या टोकाने पलीकडे सारायची. हे बघायचे आणि म्हणायचे, "अगं, चपलांवर कशाला राग काढतेस? त्या बिचाऱ्या कुठल्याच धर्माच्या नाहीत."

राग चपलांचा नव्हताच. आमच्या घरी माझ्या सासूबाईंपासून दत्तजयंतीला जन्म करतात. एक छोटासा लाकडी पाळणा आहे, त्याला खणाची झालर दोन्ही बाजूंनी अगदी खालपर्यंत सोडलेली. नारळाला कुंची घालायची, शेल्यात गुंडाळायचं, की झाला बाळ दत्त. सूर्य मावळायच्या वेळेला पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी बायका उभ्या राहतात. एकीने बाळ पाळण्यावरून दुसरीला द्यायचं, दुसरीने ते पाळण्याखालून पहिलीला परत द्यायचं, आणि असं देवाची नावं घेत करत राहून मग बाळाला आत निजवायचं. पाळणा म्हणायचा, आरती करायची, सुंठवडा वाटायचा. एके काळी आमच्याकडे रेल्वेतल्या, रिफायनरीतल्या मराठी घरांतल्या बायका एवढ्या यायच्या की पाळण्याच्या दोरीला हात लावायला रांग असायची. मग कुणी मुलांकडे गेल्या, कुणी देवाघरी. ज्या उरल्या त्यांच्या सुनांना मराठी नीट बोलता येत नाही, तर पाळणा कुठून येणार! शेवटी उरल्या खालच्या मजल्यावरच्या कुसुमवहिनी. त्या पलीकडे आणि मी अलीकडे. दोघींच्या दोन आवाजांवर आमचा दत्त दर वर्षी जन्मत होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर कुसुमवहिनींना त्यांचा मुलगा कायमचं पुण्याला घेऊन गेला. मी ओळखीच्या दोन-तीन घरी फोन केले. एकीकडे लग्न होतं, एकीचे गुडघे जिना चढू देत नव्हते, एकीने "बघते" म्हटलं, आणि ‘बघते’चा अर्थ मला कळतो. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की यंदा समोर उभं राहायला कुणी आलं नाही, तर पाळणा एखाद्या देवळात देऊन टाकायचा आणि हे कायमचं बंद करायचं. हे यांना सांगितलं.

खरं सांगते, मला सगळ्यांचाच हेवा वाटायला लागला होता. आमच्या शहरात सगळ्यांचे देव रस्त्यावर येतात. नवरात्रात आमच्या खिडकीखाली नऊ रात्री गरबा घुमतो. जैनांच्या वरघोड्याची मिरवणूक निघते तेव्हा रस्ता थांबतो. ताबुतांच्या दिवशी पलीकडच्या मोहल्ल्यात सरबत वाटतात. आमच्याच लोकांचे गणपती वाजतगाजत जातात. आणि माझा दत्त मात्र कपाटाशेजारच्या देवघरात, दार लावलं की संपला. पण बाकी सगळे लांबचे होते. जळायला शेजारच लागतो, म्हणून माझं सगळं जळणं मार्थाबेनच्या वाट्याला गेलं. त्यांच्या गॅलरीतला कागदी तारा लागला की माझ्या पोटात दुखायचं. त्यांच्या देवाचा जन्मही याच दिवसांत आणि आमच्याही. मग त्यांच्याकडे गाणारी एवढी तरुण पोरं आणि माझ्याकडे कुणीच का नाही, हे मी देवघरासमोर बसून दत्ताला विचारायची. जप कमी आणि तक्रार जास्त असं चाललं होतं.

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी आमचे सेक्रेटरी भरतभाई आले. माणूस वाईट नाही. कुणाकडे पाणी आलं नाही तर स्वतः गच्चीवर चढून टाकी बघतात. म्हणाले, मार्थाबेनची मंडळी येत्या रविवारी खाली कंपाउंडात नाताळची गाणी म्हणू का असं विचारतात, पण दोन-चार घरांना ते पसंत नाही. घरात म्हणा, चर्चमध्ये म्हणा, कंपाउंडात कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग आवाज खाली करून ते म्हणाले, "काकी, तमारी दीवाल अडीने छे. तमे कहो के तकलीफ थाय छे, तो ना पाडी दईए."

माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून माझ्या एका शब्दावर नकार द्यायला ते तयार होते. ‘होतो त्रास’ हे शब्द अगदी ओठांवर आले. नवरात्रात गरब्याचा त्रास होतो का, असं मला कुणी विचारलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं होतं, ते खोटं का सांगू. पण ते मी बाजूला सारलं. आणि त्याहून नवल म्हणजे, मार्थाबेनना होणाऱ्या विरोधाचाही मला हेवा वाटला. विरोध व्हायला आधी आवाज तरी लागतो. आमच्या घराला तेवढाही नव्हता. मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते भरतभाई, आज आमच्याकडे जन्म आहे."

"जन्म? कोनो जन्म, काकी?"

इतकी वर्षं हा माणूस आमच्या जिन्यावरून चढतोय-उतरतोय आणि आमच्याकडे कुणाचा जन्म असतो हे त्याला ठाऊक नाही. त्याचा दोष नव्हता. पण ते गेल्यावर मी सुंठवड्याला खोबरं किसताना किसणीवर बोट घासून घेतलं आणि खूप रडले. सुंठवडा मात्र नेहमीच्याच अंदाजाने, मोठं पातेलंभर केला होता. हाताला सवय, माणसं कमी झाली हे हाताला कुठे कळतं!

ऊन भिंतीवरून उतरत गॅलरीत गेलं. पाळणा सजवून झाला, नारळाला कुंची घातली. फोन वाजला नाही, बेल वाजली नाही. हे म्हणाले, "मी उभा राहतो समोर. डोक्यावर पदर घेऊ का?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी त्यांच्यावर खेकसले की हा काय पोरखेळ आहे का. मग वाईट वाटलं. बाहेर उजेड नारिंगी झाला आणि शेजारून ढोलकवर नुसती एक थाप पडून थांबली. आमची वेळ टळत चालली होती. मी बाळाला छातीशी धरून पाळण्याच्या अलीकडे उभी राहिले आणि पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून मनात म्हटलं, महाराज, आता तुमचं तुम्ही बघा, माझे हात संपले. ही प्रार्थनाही नव्हती, रुसवाच होता.

तेवढ्यात बेल वाजली. यांनी दार उघडलं. मार्थाबेन होत्या. मला वाटलं, गाण्यांचं विचारायला आल्या, भरतभाईंनी सांगितलं असेल. मी तोंड फिरवणार होते.

त्या म्हणाल्या, "बेन, तबियत तो सारी छे ने? आजे हालरडुं ना संभळायुं, एटले आवी."

हालरडुं म्हणजे पाळणा. त्या दर वर्षी भिंतीतून आमचा पाळणा ऐकत होत्या. त्या दिवशी तो ऐकू आला नाही म्हणून त्यांना काळजी वाटली. एवढंच नाही, तर त्यांच्या बोलण्यातून कळलं की या घरात राहायला आल्यापासून दत्तजयंतीच्या संध्याकाळी आमची आरती संपेपर्यंत त्या आपली तालीम सुरूच करत नव्हत्या. तो ढोलक त्यासाठीच एका थापेवर थांबला होता. मी त्यांच्या चपला झाडूने सारत होते आणि त्या आमच्या दोन म्हाताऱ्या आवाजांसाठी डझनभर पोरांना गप्प बसवत होत्या. यांनीच सांगितलं, समोर उभं राहायला दुसरी बाई नाही म्हणून जन्म अडलाय.

मार्थाबेननी पाळणा बघितला, माझ्या हातातली कुंची बघितली. मग उंबऱ्यातूनच हळू म्हणाल्या, "माराथी हाथ नहीं जोडाय, बेन. खोटुं ना लगाडता. पण छोकरुं तो लेवाय ने?"

मी हात जोडणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. पण बाळ तर घेता येईल ना. इतकं सरळ बोलणं मी देवाच्या बाबतीत कधी ऐकलं नव्हतं. त्या चपला बाहेर काढून आत आल्या. सवयीने मी कुंकवाचा करंडा पुढे केला आणि थांबले. त्यांनी हसून मान हलवली, मी करंडा खाली ठेवला. दोघींपैकी कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. मनात एकदा आलं की सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या. मग वाटलं, सूर्य मावळतोय, सासूबाईंनी आधी बाळ दिलं असतं.

मी पाळण्यावरून बाळ पुढे केलं. आणि त्यांनी ते घेतलं कसं, ते मी जन्मभर विसरणार नाही. एक हात पाठीखाली, एक हात डोक्याखाली, मान सांभाळून. त्यांच्या घरी नातू, त्यामुळे हात तयार होते. मी इतकी वर्षं तो नारळ नारळासारखाच देत होते, पडू नये, फुटू नये, मुहूर्त चुकू नये एवढ्याच काळजीने. आता मला पाळण्याखालून तो परत घ्यायचा होता. मी वाकले. खणाच्या झालरीमुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. नुसता आवाज आला, "डोकुं झालजो, बेन." डोकं धरा हं. मी डोकं धरलं. आणि मला रडूच कोसळलं, कारण मला पुन्हा हेवा वाटला होता. माझ्या दत्ताला माझ्यापेक्षा त्यांनी जास्त बाळासारखं धरलं होतं, आणि तो माझ्याकडे परत आला तेव्हा पहिल्यांदाच मला त्याचं वजन जाणवलं.

पाळणा मी एकटीने म्हटला. हे टाळ्या वाजवत होते, नेहमीसारख्या बेतालच. आरतीला मार्थाबेन बाजूला उभ्या राहिल्या, हात पुढे एकमेकांवर ठेवून, परक्यांच्या लग्नात आपण अदबीने उभे राहतो तशा. आरती संपत आली आणि दारात भरतभाई दिसले. संध्याकाळी सांगते म्हटलं होतं ना, म्हणून आले होते. पाळण्याकडे बघत होते, मार्थाबेनकडे बघत होते, काय विचारायचं ते विसरलेच. मीच म्हटलं, "भरतभाई, होते तकलीफ. भिंतीतून गाण्यांचे शब्द अर्धेच कळतात. खाली मोकळ्यावर म्हणू द्या, म्हणजे नीट ऐकू येतील. आणि आता आलाच आहात तर आत या, दोरी ओढा." त्यांनी बूट काढले. आमच्या दाराबाहेर मार्थाबेनच्या चपलांशेजारी ते बूट मला किती सुंदर दिसले म्हणून सांगू!

पातेलंभर सुंठवडा उरला होता. मार्थाबेन डबा घेऊन गेल्या, तालमीच्या पोरांचे घसे बसलेत म्हणून. कुणी तो प्रसाद म्हणून खाल्ला असेल, कुणी औषध म्हणून. मी विचारलं नाही. त्या रविवारी कंपाउंडात गाणी झाली. दोन घरांनी खिडक्या लावून घेतल्या, त्यांचा तो हक्क. मी यांच्याबरोबर खाली जाऊन खुर्चीवर बसले. हात मीही जोडले नाहीत. पण त्या बाळाच्या जन्माचं गाणं आलं तेव्हा माझ्या मांडीवरचा हात आपोआप पाळण्याची दोरी ओढल्यासारखा हलायला लागला, आणि हे हसले.

माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दाराशी चपला अजूनही जास्त असतात आणि माझी नजर अजूनही तिकडे जाते. पण पाळणा घरीच आहे. यंदाही मार्थाबेन न सांगता आल्या, करंडा न दाखवता मी त्यांना समोरची जागा दिली. महाराजांनी मला माणसांची गर्दी दिली नाही, मागितली होती तरी. त्यांनी दोन हात दिले, आणि तेही अशा घरातले, जिथे मी मागायला कधी गेले नसते. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे आणि थोडी ओशाळलेलीही. आता दर वर्षी बाळ पाळण्यावरून पुढे करताना मला कळतं की मी ते धरूनच ठेवलं, तर जन्म होत नाही. ते सोडावं लागतं. मग मी खाली वाकते, झालरीपलीकडचं काही दिसत नाही, माझे हात रिकामे असतात, आणि मी नुसती वाट बघते. अजून एकदाही ते रिकामे राहिलेले नाहीत.