घरात कुणालाच नाही

काजं करणारी काकू बारा वर्षांची असताना तिनं दाराआडून एक भांडण ऐकलं होतं. तिची आजी आणि धाकटी आत्या, दोघी छातीतल्या गाठीनं गेल्या होत्या. आई म्हणत होती, विचारलं तर खरं सांगू. मोठी आत्या म्हणाली, "पोटदुखीनं गेल्या म्हणायचं. घरात चार पोरी उजवायच्यात." आत्याचंच चाललं. पोरी उजवल्या, पण पोटदुखी जिभेवर बसली ती बसलीच.

पुढे काकूनं चाळीस वर्षं शर्टांना काजं केली. शिंपी म्हणायचा, बटण तुटेल पण काकूचं काज उसवणार नाही. मग तिच्याही छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातल्या जनुकांची तपासणी करू. हे घराण्यातून आलंय का ते कळलं, तर लेकीला वेळेत सावध होता येईल. तपासणी भलती महाग. लेकीच्या नोकरीतून आईचाही विमा होता, म्हणून लेक फॉर्म भरायला बसली. घरात आधी हा आजार कुणाला, असं त्यात विचारलं होतं. काकूच्या दातात दोरा होता. तो न काढताच ती म्हणाली, "कुणालाच नाही."

विमा कंपनीचं पत्र आलं. घराण्यात आजार नाही, सबब तपासणीचा खर्च मिळणार नाही.

काकू चक्रावली. दुखणं आपलं, रक्त आपलं, मग मेलेल्या आजीशी कंपनीला काय करायचंय? लेकीनं तीनदा समजावलं. संबंध काही डोक्यात शिरला नाही, पण आपण काय बोलून बसलो ते मात्र शिरलं.

तिनं लेकीला आजीचं नि आत्याचं खरं सांगितलं, लेकीनं नवा फॉर्म भरला आणि दोघी विमा कचेरीत गेल्या. खिडकीतल्या बाईंनी जुना आणि नवा फॉर्म शेजारी शेजारी ठेवला. "आधी कुणालाच नाही, आता दोघी. यातलं खरं कुठलं?"

"आधीचंही खोटं म्हणून नव्हतं हो सांगितलं," काकू म्हणाली. "आमच्यात असंच सांगतात."

बाई गोंधळल्या. घरातल्या जाणत्या माणसाकडून लिहून आणा, डॉक्टरांचं पत्र जोडा, मग बघू म्हणाल्या.

जाणतं माणूस एकच उरलं होतं, नव्वदीची मोठी आत्या. ती आधी ऐकूच येत नसल्यासारखी बसली. मग म्हणाली, लोक काय म्हणतील?

"लोक गेले, आत्या. तूच तेवढी उरलीस."

आत्यानं लेकीकडे बोट केलं. "हिचं लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग आण कागद."

तीन आठवड्यांनी कंपनीनं हो म्हटलं. आधी नाही का आणि आता हो का, हे काकूला काही उमगलं नाही. तोवर तिला जिना उतरतानाही दम लागत होता. रक्त न्यायला माणूस घरी बोलवू, असं लेक म्हणाली. पण शिंप्याचे अकरा शर्ट द्यायचे होते, आणि प्रयोगशाळा त्याच रस्त्यावर. काकूची ती शेवटची फेरी. तिनं शर्ट मोजून दिले, उरलेला दोरा परत केला, मग प्रयोगशाळेत रांगेत बसली. नंबर आल्यावर डावा हात पुढे केला, उजवा कामाचा म्हणून. निकाल लेकीला द्या म्हणाली, आणि चपला घालून घराकडे निघाली.