थोर संगीतकार गन अनिम

फेस्टस गॅरिहीला सूर कशाशी खातात हे माहीत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला आमच्या संगीत मंडळाचा अध्यक्ष केला. वाजवणाऱ्यांना वाजवायचं असतं. पत्रं कोण लिहिणार, हॉल कोण मागणार? फेस्टस डेअरीतून निवृत्त झालेला आणि घरी बायकोला नकोसा झालेला. दर गुरुवारी आमच्या किलवार्ना गावच्या पबमध्ये आम्ही सात-आठ जण वाजवायला बसलो की हा उभा राहून सगळ्यांना गप्प करायचा आणि आपलं पारंपरिक संगीत कसं मरत चाललंय यावर वीस मिनिटं बोलायचा. तेवढी वीस मिनिटं ते खरोखरच मेलेलं असायचं.

शाळेत आयरिश भाषेच्या तासाला तो नदीवर मासे धरायला जायचा. ते त्याला साठी उलटल्यावर भोवलं. जुन्या चालींच्या पुस्तकात ज्या चालीचं नाव कुणाला ठाऊक नाही तिच्यावर आयरिशमध्ये ‘गन अनिम’ छापतात, म्हणजे ‘नाव नाही’. फेस्टसने पुस्तक चाळलं आणि धापा टाकत माझ्याकडे आला.

"कॉर्मॅक, अरे चाळीस चाली! एकट्या माणसाने बांधल्या! आणि या गन अनिमचा साधा फोटो नाही कुठे?"

"लाजाळू होता म्हणतात," मी म्हणालो.

"मग आपल्या क्लेअर जिल्ह्याचाच! इथली माणसं मिरवत नाहीत."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण फुकटची करमणूक कोण सोडतो? पबमध्ये सगळ्यांनी एकमेकांना गप्प राहायची शपथ घातली. आमच्यातल्या पॅकीने तर गन अनिम एका डोळ्याने अधू होता अशी पुडी सोडली आणि फेस्टसने ती वहीत टिपून घेतली. महिन्याभरात त्याने स्मारकाचा दगडही मंजूर करून आणला.

नोनी टाल्टीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ऐंशीची बाई, अजून फिडल अशी वाजवते की आम्ही आपापली वाद्यं खाली ठेवतो. तिच्या नवऱ्याने, मार्टनने, आयुष्यात एकच चाल बांधली आणि तिला नाव द्यायच्या आत तो गेला. तीही पुस्तकात ‘गन अनिम’ म्हणूनच छापली गेली. मंडळ त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतंय हे कळल्यावर नोनी फेस्टसकडे गेली.

"त्या चालीवर मार्टनचं नाव घाल रे बाबा. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे."

"नोनीबाई, ती गन अनिमची आहे."

"तेच तर म्हणतेय! म्हणूनच नाव घाल."

"दुसऱ्याच्या कामावर नवऱ्याचं नाव लावता? या वयात?"

ती तशीच माझ्याकडे आली. मी हसत हसत सगळी गंमत सांगितली. ती हसली नाही.

"मग त्याला सांग की."

"सांगतो. दगड तर बसू दे एकदा," मी म्हणालो. दोनच आठवडे राहिले होते आणि आम्हाला त्याचं तोंड बघायचं होतं.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चसमोर गाव जमलं. जिल्ह्याच्या पेपरची बातमीदार बाईही आली. फेस्टसने दगडावरचं फडकं ओढलं: ‘या मातीचे थोर संगीतकार गन अनिम’. मग त्याने नोनीला गन अनिमची एखादी चाल वाजवायला सांगितली. तिने मार्टनची वाजवली. फेस्टस भलत्याच ठेक्यावर पाय आपटत होता.

नोनीने फिडल खाली घेतलं. "ही माझ्या मार्टनची. आणि गन अनिम म्हणजे ‘नाव नाही’, फेस्टस. असा माणूसच नाही कुणी."

फेस्टस कानापर्यंत लाल झाला. पण पडलो तरी नाक वर म्हणतात ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

"अर्थातच!" तो गरजला. "ज्यांची नावं उरली नाहीत, त्या सगळ्यांचा हा दगड!"

बातमीदार बाईने डोळे टिपले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सांगायला लाज वाटते, पण मीही वाजवल्या.

नोनी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. "मग खाली मार्टनचं नाव कोरून घे. जागा आहे."

फेस्टसने मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नोनीबाई, नाव कोरलं तर दगडाचा अर्थच जातो की."